दारिद्र्यरेषा ओलांडली म्हणजे सकस आहार परवडतो का?

प्रश्न असा आहे : जगातील प्रत्येकाला सकस आहार परवडावा यासाठी गरिबी कमी करणे पुरेसे आहे का, आणि सरकारकडे पैसा मर्यादित असेल तर तो लोकांचे उत्पन्न वाढवण्यावर खर्च करावा की अन्न स्वस्त करण्यावर? अन्नसुरक्षा आणि सामाजिक साहाय्याच्या योजनांची आखणी व मूल्यमापन हे माझे अनेक वर्षांचे काम असल्याने आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग त्यामागचा हिशेब मांडतो. गरिबी हटल्याशिवाय सकस आहार परवडणार नाही, यात दुमत नाही. मात्र ज्या रेषेने आपण गरिबी मोजतो ती रेषाच सकस आहाराच्या खर्चाच्या बरीच खाली आखलेली आहे, त्यामुळे त्या अर्थाने गरिबी संपूर्ण संपली तरी ताट अपुरेच राहू शकते. उत्पन्न आणि किंमत या दोन्ही बाजूंनी काम करावे लागते, आणि किमतीच्या बाजूने काम करताना ते पोट भरणाऱ्या धान्यावर नव्हे, तर पोषण देणाऱ्या नाशवंत अन्नावर करावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या पाच संस्था जगाच्या अन्नस्थितीचा संयुक्त अहवाल दरवर्षी काढतात. जुलै २०२५ च्या अहवालानुसार २०२४ साली सुमारे ६७ कोटी लोकांना पुरेसे अन्नच मिळत नव्हते. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दरडोई दररोज ३ डॉलरवर आणली आणि त्या रेषेखाली सुमारे ८० कोटी लोक असल्याचा अंदाज दिला. सकस आहार न परवडणाऱ्यांची संख्या मात्र २६० कोटी आहे, म्हणजे जगातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरा प्रश्न दिसतो. उपासमारीच्या यादीत ज्यांचे नाव नाही आणि अतिगरिबांच्या यादीतही नाही, असे कोट्यवधी लोक रोज जेवतात, पोट भरल्याचे समाधानही त्यांना मिळते, आणि तरीही त्यांच्या मुलांची वाढ खुंटते, स्त्रियांचा रक्तक्षय हटत नाही.

त्याच अहवालानुसार २०२४ साली सकस आहाराचा जागतिक सरासरी खर्च दरडोई दररोज ४.४६ डॉलर होता. हे डॉलर चलनबाजाराच्या दराचे नाहीत; निरनिराळ्या देशांतील किमतींची पातळी विचारात घेऊन, म्हणजे क्रयशक्ती समान धरून, ते काढलेले आहेत, आणि ३ डॉलरची दारिद्र्यरेषाही त्याच पद्धतीने काढलेली आहे, फक्त ती २०२१ च्या किमतींवर आहे. म्हणून दोन्हींची तुलना ढोबळमानाने करता येते. बरोबर रेषेवर उभ्या असलेल्या माणसाने घरभाडे दिले नाही, औषध घेतले नाही, मुलाला वही घेतली नाही आणि सगळी मिळकत अन्नावरच घातली, तरी त्याला सरासरी सकस आहार पूर्ण विकत घेता येणार नाही. हा खर्च देशागणिक कमीजास्त होतो हे खरे, पण चित्र त्यामुळे उलटे होत नाही. अल्प उत्पन्न गटातील देशांत ७२ टक्के लोकांना हा आहार परवडत नाही, आणि आफ्रिकेत तो न परवडणाऱ्यांची संख्या २०१९ मधील सुमारे ८६ कोटींवरून २०२४ मध्ये १०० कोटींच्या पुढे गेली आहे. जगाची बेरीज थोडी सुधारली, ती इतर खंडांमुळे.

दारिद्र्यरेषा इतकी खाली का, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. जागतिक रेषा ही गरीब देशांच्या स्वतःच्या राष्ट्रीय रेषांवरून काढतात, आणि त्या राष्ट्रीय रेषांपैकी बहुतेकांचा पाया उष्मांकाचा असतो : माणसाला दिवसाला अमुक किलोकॅलरी लागतात, तेवढ्या त्याच्या नेहमीच्या खाण्यातून मिळवायला किती पैसे पडतात, आणि त्यावर कपडालत्ता, निवारा यांसाठी थोडी भर. या पद्धतीत कॅलरी कुठून आली याला फारसे महत्त्व उरत नाही. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. तेथील सामाजिक सुरक्षा प्रशासनातील अर्थतज्ज्ञ मॉली ओरशान्स्की यांनी १९६३ च्या सुमारास जी रेषा बांधली ती सरकारच्या सर्वांत स्वस्त आहारयोजनेच्या खर्चाची तिप्पट होती, आणि ती आहारयोजना मुळात पैशांची चणचण असताना तात्पुरती वापरण्यासाठी तयार केलेली होती. तात्पुरत्या तडजोडीचा आहार कायमच्या मोजमापाचा आधार झाला. रेषा आखणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांना सर्वांत वंचित कोण हे शोधायचे होते. दोष पुढे ती रेषा ओलांडणे म्हणजेच पुरेसे जगणे असे मानणाऱ्यांचा आहे.

सकस आहाराचा खर्च नेमका कसा काढतात हे एकदा जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण धोरणाची दिशा तिथेच उलगडते. प्रमाण म्हणून एका प्रौढ व्यक्तीची रोजची गरज २३३० किलोकॅलरी धरतात आणि ती सहा अन्नगटांत वाटतात. धान्ये व कंदमुळे यांच्याकडून ११६०, प्राणिजन्य पदार्थांकडून ३००, डाळी, कडधान्ये व तेलबियांकडून ३००, तेल व स्निग्ध पदार्थांकडून ३००, फळांकडून १६० आणि भाज्यांकडून ११० किलोकॅलरी अशी ती वाटणी आहे. मग त्या त्या ठिकाणच्या बाजारात नोंदलेल्या किमती घेतात, साल, बिया, देठ, हाडे असा खाण्यायोग्य नसलेला भाग वजा करतात, आणि प्रत्येक गटातील सर्वांत स्वस्त पडणारे पदार्थ निवडतात : धान्य दोन, भाज्या तीन, फळे दोन, प्राणिजन्य दोन, डाळ एक आणि तेल एक, असे अकरा पदार्थ. आवडनिवड, सणवार, पाहुणा, बाहेरचे खाणे यांपैकी काहीही या हिशेबात नाही. चौकस गृहिणीसुद्धा प्रत्यक्षात इतक्या काटकसरीने खरेदी करू शकत नाही, कारण आज स्वस्त काय ते जाणून रोज सगळ्या बाजारभर फिरायला तिच्याकडे वेळ नसतो.

या अकरा पदार्थांची बेरीज करताना दर वेळी एकच गोष्ट समोर येते. ऊर्जेचा निम्मा भाग देणाऱ्या धान्याचा खर्चातील वाटा अगदी लहान असतो; उलट फळे, भाज्या आणि प्राणिजन्य पदार्थ मिळून ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग देतात आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खातात. २०१७ च्या किमतींवर केलेल्या जागतिक हिशेबात नुसत्या पुरेशा कॅलरींचा खर्च दिवसाला ०.७९ डॉलर, आवश्यक पोषकद्रव्ये पुरवणाऱ्या आहाराचा २.३३ डॉलर आणि सकस आहाराचा ३.७५ डॉलर निघाला होता. म्हणजे पोट भरणे आणि नीट जेवणे यांच्या खर्चात जवळजवळ पाचपटींचे अंतर आहे. गरिबांना पोषणाचे ज्ञान नसते, असे ऐटीत सांगणाऱ्यांनी हे अंतर आधी भरून दाखवावे.

शिवाय हा खर्च फक्त खरेदीचा आहे. इंधन, पाणी, बाजारापर्यंतचे भाडे आणि स्वयंपाकाचा वेळ त्यात धरलेला नाही. जगात सुमारे २१० कोटी लोक आजही लाकूड, कोळसा, शेण, रॉकेल अशा धूर करणाऱ्या इंधनावर स्वयंपाक करतात. डाळ शिजायला तासभर लागत असेल आणि सरपण गोळा करायला त्याहून अधिक, तर दिवसभर मजुरी करून आलेली बाई तळलेले तयार काहीतरी विकत आणते. तिचा तो निर्णय अज्ञानातून आलेला नसून पूर्णपणे हिशेबी असतो.

आता उत्पन्नाच्या बाजूकडे वळू. सॅक्सनीतील संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून दाखवले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या मिळकतीतील अन्नाचा वाटा मोठा. एम. के. बेनेट यांनी १९४१ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली : मिळकत वाढू लागली की आहारातील धान्य व कंदमुळांचा वाटा कमी होतो आणि दूध, मांस, फळे, भाज्या यांचा वाढतो. या दोन निरीक्षणांना जवळजवळ प्रत्येक देशात दुजोरा मिळाला आहे. यातून निघणारा अर्थ आशादायक आहे, कारण हातात पैसा आला की लोक वैविध्यपूर्ण खाण्याकडे आपणहून वळतात. पण त्यात एक धोकाही आहे. हाच पैसा साखर, तेल आणि कारखान्यात तयार होणाऱ्या चटकदार पदार्थांकडेही वळू शकतो, आणि गरीब देशांत कॅलरीमागे तेल व साखर धान्याइतकीच स्वस्त, तर अंडी, दूध, ताज्या भाज्या कित्येक पटींनी महाग असल्याने तो तिकडे वळणे सोपे असते.

धान्य स्वस्त केले तर वाचलेल्या पैशांतून लोक बाकीचे घेतील, ही अपेक्षा सरकारांना फार प्रिय आहे. चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांत रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थतज्ज्ञांनी गरीब कुटुंबांना मुख्य धान्यावर सवलत देऊन हे प्रत्यक्ष तपासले. सवलतीमुळे पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लोकांनी वाचलेला पैसा चवीच्या पदार्थांवर किंवा अन्नाबाहेरच्या गरजांवर वापरला. यावरून धान्यवाटप निरुपयोगी ठरते असे मी म्हणणार नाही. उपासमार रोखण्याचे आणि संकटकाळी कुटुंबाला तरून नेण्याचे काम ते चोख करते, आणि ज्या देशांत ते चालू आहे तिथे ते मोडून काढण्याचा सल्ला मी कधी दिलेला नाही. मात्र त्याच्याकडून सकस आहाराची अपेक्षा करणे चुकीचे आहे, कारण ते खर्चाच्या लहान भागावर उपाय करते आणि मोठ्या भागाला हात लावत नाही.

उत्पन्न किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कधी येते, कुणाच्या हाती येते आणि अचानक किती आटते हेही तितकेच निर्णायक असते. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांची वार्षिक मिळकत बारा महिन्यांत सारखी पसरलेली नसते. पिकाच्या कापणीनंतरचे महिने बरे जातात, पेरणीनंतर साठा संपतो, कामही नसते आणि नेमक्या त्याच वेळी बाजारभाव चढलेले असतात. अशा काळात कुटुंब कसे हात आखडते याचा क्रम निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत जवळजवळ सारखा आढळतो : आधी फळे जातात, मग दूध, अंडी, मांस-मासे, त्यानंतर भाज्या पातळ होतात, डाळ एक दिवसाआड येते, मग उसनवारी सुरू होते, घरातली किडूकमिडूक विकली जाते आणि शेवटी जेवणाची एक वेळ कमी होते. घरातील मोठ्या स्त्रिया हे सगळे इतरांच्या आधी सुरू करतात आणि इतरांच्या नंतर थांबवतात. धान्य मात्र अखेरपर्यंत टिकते, आणि म्हणून केवळ कॅलरी मोजणाऱ्या पाहणीत हे कुटुंब बराच काळ सुस्थितीत दिसते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे जे विश्लेषण मांडले त्याचे सार हेच होते की अन्न असूनही ते मिळवण्याचा माणसाचा आर्थिक अधिकार कोसळू शकतो. दुष्काळासारख्या भीषण रूपात नसला, तरी हा अधिकार कोट्यवधी घरांत दरवर्षी काही महिने कोसळत असतो.

म्हणून साहाय्य नियमित असावे आणि त्याची तारीख ठरलेली असावी, यावर मी रकमेइतकाच भर देतो. इथियोपियाने २००५ पासून जी उत्पादक सुरक्षा योजना चालवली तिच्यामागचा विचार हाच होता. दरवर्षी टंचाई जाहीर होण्याची, मग परदेशी धान्याची जहाजे येण्याची वाट पाहण्याऐवजी, ज्या कुटुंबांना दरवर्षी तूट येते हे आधीच माहीत आहे त्यांना ठरावीक महिने रोख किंवा धान्य द्यायचे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून त्या बदल्यात मृदसंधारणाची, पाण्याची, रस्त्याची कामे करून घ्यायची. सुमारे ८० लाख लोकांपर्यंत ती पोहोचली. जिथे पैसे वेळेवर मिळाले तिथे लोकांनी जनावरे विकणे टाळले. जिथे ते महिनोन्महिने रखडले तिथे योजनेचा हेतूच बारगळला. वेळेवर मिळणारी थोडी रक्कम ही उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा आहारासाठी अधिक उपयोगी असते, कारण उशीर झाला की ती सावकाराच्या व्याजात जाते.

मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसा योजनेत पैसे आईच्या हाती दिले जात आणि मुलांची शाळा व आरोग्यतपासणी यांच्याशी ते जोडलेले होते. तिचे मूल्यमापन काटेकोरपणे झाले आणि लाभार्थी कुटुंबांच्या आहारात सर्वाधिक वाढ भाज्या आणि प्राणिजन्य पदार्थांत झाल्याचे दिसले. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी राबवलेली पद्धत याच्या पुढे जाते. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा छोट्या व्यवसायाचे साहित्य असे उत्पन्नाचे साधन देतात, ते रुजेपर्यंत काही महिने जगण्यापुरती रोख रक्कम देतात, प्रशिक्षण, बचत आणि घरभेटी यांची जोड देतात. इथियोपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मदत थांबल्यानंतर वर्ष उलटूनही कुटुंबांचा उपभोग वाढलेला टिकून होता. ही पद्धत स्वस्त नाही, मनुष्यबळ भरपूर लागते, आणि घरभेटी कागदावर उरकल्या गेल्या तर शेळ्या विकल्या जातात आणि विषय तिथेच संपतो.

नुसती रोख रक्कम मुलांच्या पोषणासाठी पुरते का? बांगलादेशात २०१२ ते २०१४ या काळात याचा नेमका तपास झाला. काही कुटुंबांना रोख, काहींना धान्य, तर काहींना याबरोबर आहाराविषयी सातत्यपूर्ण समुपदेशन मिळाले, ज्यात आईबरोबर सासू, नवरा आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी यांनाही सामील करून घेतले होते. उत्तर भागात रोख आणि समुपदेशन एकत्र मिळालेल्या कुटुंबांत वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ७ टक्के-अंकांनी कमी झाले. नुसत्या रोखीने किंवा नुसत्या धान्याने तसा परिणाम दिसला नाही. पैशाविना दिलेला सल्ला गरिबांची थट्टा ठरतो हे मी नेहमी सांगत आलो आहे, पण सल्ल्याविना दिलेला पैसा लहान मुलाच्या वाटीपर्यंत पोहोचेलच असे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

घरात आजारपण आले की अन्नाचा पैसा सर्वांत आधी वळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या अंदाजानुसार २०१९ साली सुमारे २०० कोटी लोकांना उपचारासाठी स्वतःच्या खिशातून कराव्या लागलेल्या खर्चाची आर्थिक झळ बसली. त्यामुळे मोफत किंवा विम्याने भागणारे उपचार हे आहाराच्या धोरणाचाच भाग मानायला हवेत. शुद्ध पाणी आणि स्वच्छतेचेही तसेच आहे, कारण वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी चांगले अन्नही लागत नाही. या दोन गोष्टींवर अधिक लिहिण्याची गरज नाही. त्या सर्वमान्य आहेत, फक्त अंदाजपत्रकात त्या वेगळ्या खात्यांत बसतात म्हणून विसरल्या जातात.

आता किमतीच्या बाजूची खरी अडचण पाहू. अन्न स्वस्त व्हावे म्हटले की पहिला घाव शेतकऱ्यावर पडतो, आणि जगातील गरिबांपैकी बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहून शेती किंवा शेतमजुरीवरच जगतात. त्यांतील पुष्कळ जण विकतात त्याहून अधिक अन्न विकत घेतात, म्हणून भाव पडले तरी त्यांचे नुकसान आणि चढले तरी हाल. ही कोंडी शेतावरचा भाव दाबून सुटत नाही. निरनिराळ्या देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरी खाल्ल्या जाणाऱ्या अन्नावरील ग्राहकाच्या खर्चापैकी शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी २७ टक्के येतात असे आढळले. उरलेला पैसा वाहतूक, साठवण, प्रक्रिया, आडत आणि किरकोळ विक्री यांत जातो. त्यातील सगळा नफाखोरीचा नसतो. बराचसा खराब रस्त्यांचा, वीज नसण्याचा आणि सडलेल्या मालाचा असतो. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार कापणीनंतर किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचण्याआधीच सुमारे १३ टक्के अन्न वाया जाते, आणि फळे-भाज्यांत हे प्रमाण धान्यापेक्षा बरेच जास्त असते. सडलेल्या टोपलीची किंमत विकल्या गेलेल्या टोपलीवर चढते, आणि ती ग्राहक भरतो.

धान्य जहाजातून हजारो मैल जाऊ शकते, कोठारात वर्षभर राहू शकते, त्यामुळे जागतिक व्यापार, संशोधन आणि सरकारी खरेदी या सगळ्यांनी त्याची किंमत गेल्या अर्धशतकात खाली आणली. पालेभाजी, दूध, अंडी, मासळी यांना ही सोय नाही. त्यांची किंमत बहुतांशी स्थानिक रस्ते, शीतगृहे आणि बाजारांवर ठरते. आणि सार्वजनिक पैसा मात्र अजूनही धान्य, साखर, तेलबिया यांच्याच बाजूने वाहतो. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी दाखवले की जगभर शेतकऱ्यांना दरवर्षी सुमारे ५४० अब्ज डॉलरचे साहाय्य मिळते आणि त्यापैकी ८७ टक्के किंमती विकृत करणारे किंवा निसर्गाला व समाजाला घातक असते. मला विचाराल तर नव्या कराचा विचार करण्याआधी याच पैशाचा एक भाग भाजीपाला, कडधान्ये आणि अंडी-दूध यांच्या संशोधनाकडे, लहान सिंचनाकडे, बाजाराच्या पक्क्या ओट्यांकडे, पशुवैद्यकीय सेवेकडे वळवावा. हे काम एका वर्षात दिसत नाही, त्यामुळे ते राजकीयदृष्ट्या अनाकर्षक ठरते. एका रात्रीत भाव गोठवण्याचा हुकूम काढणे सोपे असते, पण नाशवंत मालावर तो चालत नाही. माल दुसऱ्या बाजारात जातो आणि गरिबाच्या बाजारात रिकामी पाटी उरते.

ब्राझीलचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण त्या देशाने दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काम केले. २००३ मध्ये बोल्सा फॅमिलिया ही रोख साहाय्याची योजना आली, किमान वेतन महागाईपेक्षा वेगाने वाढवले गेले, आणि २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी लहान शेतकरी कुटुंबांकडून करणे बंधनकारक झाले. त्यामुळे मुलाच्या ताटात ताजे अन्न आले आणि त्याच पैशातून शेजारच्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. २०१४ मध्ये ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून बाहेर पडला. पुढे आर्थिक मंदी, योजनांची कपात आणि कोविडची साथ यांमुळे तो पुन्हा त्या नकाशावर आला, आणि योजना पूर्ववत केल्यानंतर २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडला. एवढ्या कमी काळातील हे चढउतार सांगतात की ही कमाई टिकवावी लागते. एकदा मिळवली की संपले असे होत नाही. शालेय आहाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे : जगात सुमारे ४६ कोटी ६० लाख मुलांना तो मिळतो, त्याची यंत्रणा बहुतेक देशांत आधीपासून उभी आहे, आणि सकस अन्न गरीब मुलापर्यंत नेण्याचा त्याच्याइतका खात्रीचा मार्ग मला दुसरा माहीत नाही. मात्र शाळेत जाण्याआधीची वर्षे, विशेषतः गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ, त्याच्या कक्षेबाहेर राहतो आणि नेमकी तीच वर्षे वाढीसाठी सर्वांत महत्त्वाची असतात.

महागाईबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण चांगली योजनाही तिच्यामुळे निकामी होते. जगातील अन्नधान्य महागाईचा दर डिसेंबर २०२० मध्ये २.३ टक्के होता, तो जानेवारी २०२३ मध्ये १३.६ टक्क्यांवर गेला. अल्प उत्पन्न गटातील देशांत तो त्याच वर्षी मे महिन्यात ३० टक्क्यांपर्यंत पोहोचला. ज्या देशांतील साहाय्याची रक्कम कायद्यात आकड्यानेच लिहिलेली होती तिथे तिची किंमत पाहता पाहता घटली, आणि ती वाढवायला पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबावे लागले. रक्कम महागाईशी जोडली पाहिजे, आणि तीही सर्वसाधारण महागाईशी नव्हे, तर अन्नाच्या महागाईशी, कारण सर्वसाधारण महागाईच्या निर्देशांकात मोबाइल, वाहने, करमणूक यांचाही वाटा असतो आणि गरिबाच्या खर्चात तो जवळजवळ नसतो.

मर्यादित पैशाच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे असे आहे. ज्या घरांत गर्भवती स्त्री किंवा दोन वर्षांखालील मूल आहे त्यांना ठरलेल्या तारखेला, आईच्या हाती, समुपदेशनासह रोख साहाय्य द्यावे. शालेय आहारात धान्याबरोबर डाळ, भाजी, फळ, अंडे किंवा दूध यांसाठी वेगळी तरतूद करावी आणि शक्य तितकी खरेदी लहान उत्पादकांकडून करावी. टंचाईच्या महिन्यांत हमीची मजुरीची कामे काढावीत. आणि धान्यावरच्या अनुदानात दरवर्षी होणारी वाढ थांबवून तेवढा पैसा नाशवंत मालाच्या साखळीकडे न्यावा. अस्तित्वात असलेले धान्यवाटप एकदम कापू नये, कारण वरच्या गोष्टी उभ्या राहीपर्यंत तोच आधार असतो. दीर्घकाळात मात्र चीन आणि व्हिएतनामसारख्या देशांत गरिबी घटली ती प्रामुख्याने शेतीची उत्पादकता, बिगरशेती रोजगार आणि वाढती मजुरी यांमुळे, आणि कोणतीही अनुदान योजना याची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्या घरात काम करू शकणारे कुणी नाही, म्हणजे वृद्ध, अपंग, एकट्या स्त्रिया, त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन लागेलच.

हे साधले की नाही ते कसे ओळखायचे, हा भाग प्रश्नात नव्हता, पण त्याशिवाय उत्तर अपुरे राहील. महागाई मोजण्यासाठी बाजारात जाऊन किमती नोंदवणारे कर्मचारी जवळजवळ प्रत्येक देशाच्या सांख्यिकी कार्यालयात आधीपासून आहेत. सकस आहाराचा खर्च काढायला त्याच नोंदी चालतात. नायजेरियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने असा खर्च राज्यनिहाय, नियमितपणे प्रसिद्ध करायला सुरुवात केली आहे. इतर देशांनी तो आकडा काढावाच, शिवाय त्याच्या शेजारी अकुशल मजुराची एका दिवसाची प्रत्यक्ष मजुरी छापावी, आणि तीत किती माणसांचा एक दिवसाचा सकस आहार येतो हे दर महिन्याला, जिल्हावार दाखवावे. मजूर महिन्यातून सगळे दिवस कामावर नसतो, म्हणून मजुरी कामाच्या सरासरी दिवसांनी गुणून तीस दिवसांवर पसरवावी, आणि आहाराशिवायच्या अत्यावश्यक गरजांचा वाटा आधी वजा करावा. हा आकडा चारपाच माणसांच्या कुटुंबाला पुरेल इतका होईपर्यंत त्या जिल्ह्यात साहाय्य चालू ठेवावे, आणि पुढे टंचाईच्या महिन्यांत तो खाली आला की कुणाच्या घोषणेची वाट न पाहता ते आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी तरतूद योजनेच्या नियमांतच असावी.